बस नल्लकुंट्याहून सुटते

“सर्व यात्रेकरूंनी पहाटे पाच वाजता नल्लकुंटा, हैदराबाद येथे हजर राहावे. बस कोणासाठीही थांबणार नाही.” सामुदायिक यात्रेच्या छापील पत्रकात प्रवासाविषयी बहुधा एवढी दोनच वाक्ये असतात. बाकीचा कागद वर्गणीची रक्कम, मिस्सेच्या वेळा आणि सोबत काय आणावे यांनी भरून गेलेला असतो. पत्रक काढणारी मंडळी हैदराबादेत राहतात. नल्लकुंटा त्यांना स्वतःच्या ओसरीइतका परिचित. परंतु तेच पत्रक नात्यागोत्यातून फिरत फिरत श्रीरामपूर, नेवासे, वैजापूर किंवा जालना या बाजूच्या एखाद्या खेड्यात येऊन पोहोचते, तेव्हा त्या दोन वाक्यांचा धाक वाटू लागतो. हैदराबादेत उतरायचे ते कोणत्या स्टेशनवर? तेथून नल्लकुंटा किती लांब? पहाटे पाचला हजर राहायचे, तर आदली रात्र काढायची कोठे? बस उभी राहणार ती कोणत्या खुणेपाशी? शहरातल्या माणसाला हे प्रश्न क्षुल्लक वाटतील. जिने उभ्या आयुष्यात आपला तालुका क्वचितच ओलांडला, त्या म्हातारीपुढे मात्र यात्रा म्हणजे हेच चार प्रश्न असतात. देवमंदिर, मिस्सा आणि मतमाउलीचे दर्शन हे सारे त्यांच्या पैलतीरावर.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन नल्लकुंट्याला गेली, त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर माझेही तेथे जाणे-येणे वाढले. त्यामुळे जानेवारी महिना लागला की आमच्या पंचक्रोशीतील यात्रेकरू आपल्या शंका घेऊन माझ्याकडे येतात. यात्रा असते गुणदळ्याची. विजयवाडा शहराच्या कडेला गुणदळा नावाची एक टेकडी आहे. तेथे १९२४ साली फादर अर्लाती या इटालियन मिशनऱ्याने लूर्द मातेची मूर्ती बसविली, आणि आज दर वर्षी ९ ते ११ फेब्रुवारी असे तीन दिवस तेथे फार मोठी जत्रा भरते. आंध्र व तेलंगणातील सर्व धर्मांचे लोक पायऱ्या चढून वर जातात, कोणी नारळ वाहतात, कोणी केस अर्पण करतात. सप्टेंबरात हरेगावच्या यात्रेला जाणाऱ्या आपल्या माणसाला ती गर्दी, ती धूळ आणि ते मेणबत्त्यांचे रान पाहून अगदी घरच्यासारखे वाटते. हैदराबादेतील काही तेलुगू व मराठी ख्रिस्ती कुटुंबे मिळून त्यासाठी एक बस ठरवितात. रिकाम्या राहिलेल्या जागांवर गावाकडची नातलग मंडळी येऊन बसतात, आणि त्यांच्या निमित्ताने त्यांचे शेजारी.

आता नल्लकुंट्याविषयी थोडेसे. तेलुगूत ‘नल्ल’ म्हणजे काळे आणि ‘कुंटा’ म्हणजे लहान तळे. नल्लकुंटा म्हणजे काळे तळे. तळे शोधीत जाणाऱ्यास मात्र निराश व्हावे लागेल. तेथे आज घरे, दुकाने, भाजीबाजार आणि रहदारी यांचीच दाटी आहे. त्यातही नवा नल्लकुंटा निराळा आणि जुना निराळा. म्हणून नुसते “नल्लकुंटा” एवढे सांगणे म्हणजे एखाद्याला “बाजारात भेटू” असे सांगण्यासारखे आहे. तेथे सर्वांना ठाऊक असलेल्या खुणा दोन. एक शृंगेरीचा शंकर मठ आणि दुसरी फीवर हॉस्पिटल. या हॉस्पिटलचे अधिकृत नाव सर रोनाल्ड रॉस यांच्यावरून ठेवलेले आहे. मलेरियाचे जंतू डासांतून पसरतात हा शोध ज्यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत लावला आणि ज्यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेच हे डॉक्टर. परंतु रिक्षावाल्याला रोनाल्ड रॉस हे नाव सांगून उपयोग नाही. जुने लोक त्या इस्पितळाला ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात. साथीच्या रोग्यांना वेगळे ठेवण्याचे ठिकाण, म्हणजे क्वारंटाईन. त्या शब्दाचे हैदराबादी जिभेवर कोरंटी झाले. आमच्या गावच्या एका आजोबांना हे नाव एकदा ऐकून कायमचे पाठ झाले, कारण त्यांच्या अंगणात कोरांटीचे झाड होते. पत्रकातील दहा ओळी जे करू शकल्या नसत्या ते त्या झाडाने केले.

आपल्या लोकांना हैदराबाद परके वाटावे हे खरे तर नवलच आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. जालना, परभणी, नांदेड या बाजूच्या माणसाला कोर्टकचेरी असो की मोठे इस्पितळ असो, वाट हैदराबादचीच धरावी लागे. मनमाडहून निघणारी मीटर गेज गाडी थेट काचीगुड्याला जात असे. निजामाच्या काळात, १९१६ साली, बांधलेले काचीगुड्याचे ते घुमटाकार स्टेशन आजही उभे आहे, आणि नल्लकुंट्याला सर्वांत जवळचे मोठे स्टेशन तेच. काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार या भागांत मराठी घरे अजूनही आहेत. एवढेच कशाला, हैदराबादच्या दख्खनी बोलीत ‘नक्को’ हा जो शब्द पदोपदी ऐकू येतो, तो आपल्याच ‘नको’चा भाऊ आहे. तेलुगू पाट्या पाहून बिचकलेल्या आमच्या बायकांना कोणी “फिकर नक्को करो अम्मा” म्हटले की त्यांचा अर्धा घोर तेथेच उतरतो.

परंतु आजचे हैदराबाद म्हणजे एक स्टेशन नव्हे, आणि घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. मनमाड, जालना, नांदेड या मार्गाने येणारी देवगिरी एक्स्प्रेस सिकंदराबादेला येते. पुणे, दौंड, सोलापूर या मार्गाने येणारी हुसेनसागर एक्स्प्रेस सिकंदराबादेला न जाता नामपल्लीला जाते, आणि तिकिटावर त्या स्टेशनचे नाव ‘हैदराबाद’ असे असते. काही गाड्या काचीगुड्याला येतात. त्यात ६ जानेवारी २०२५ रोजी शहराच्या पूर्वेकडील चर्लापल्ली येथे चौथ्या मोठ्या स्थानकाचे उद्घाटन झाले, आणि काही गाड्या तिकडे वळल्या. म्हणजे श्रीरामपूरची एक व्यक्ती दौंडमार्गे आली आणि तिची सख्खी बहीण मनमाडमार्गे आली, तर “हैदराबादला स्टेशनवर भेटू” असे म्हणून निघालेल्या त्या दोघी दोन निरनिराळ्या स्टेशनांवर एकमेकींची वाट पाहत बसणार. असे घडलेले मी पाहिले आहे. दोघींच्याही हातात जेवणाचे डबे होते, आणि एकत्र बसूनच जेवायचे म्हणून दोघीही उपाशी होत्या.

तेथून पुढचा मार्ग मात्र आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपा झाला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये हैदराबादची मेट्रो सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिचा हिरवा मार्ग खुला झाला. सिकंदराबादेला उतरलेल्या माणसाने ‘सिकंदराबाद वेस्ट’ या मेट्रो स्थानकात जावे आणि हिरव्या मार्गाने पाचवे स्थानक नारायणगुडा, तेथे उतरावे. पुढे रिक्षाने थोडेसेच अंतर उरते. नामपल्लीला उतरलेल्याने लाल मार्गाने एम.जी.बी.एस. स्थानकापर्यंत यावे, तेथे गाडी बदलावी, म्हणजे हिरव्या मार्गावर दुसरे स्थानक नारायणगुडा. काचीगुड्याला उतरलेल्याने मेट्रोच्या भानगडीत पडूच नये. बाहेर येऊन रिक्षा करावी. चर्लापल्लीहून मात्र अंतर बरेच आहे. तेथे रात्री-अपरात्री उतरण्याचा प्रसंग आलाच तर उजाडेपर्यंत स्टेशनातच बसून राहणे मला शहाणपणाचे वाटते. मेट्रोसंबंधी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे: ती सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते. यात्रेची बस सुटते पाचला. तेव्हा ज्या दिवशी बस, त्याच दिवशी पहाटे हैदराबाद गाठायचे हा बेत मुळातच लंगडा आहे.

तो लंगडा बेत किती महाग पडू शकतो हे आम्हाला २०२५ साली दिसले. ते जयंती वर्ष होते. पोप महाशयांनी साऱ्या ख्रिस्तसभेला आशेचे यात्रिक होण्यास सांगितले होते, आणि त्यामुळे बसमध्ये जागा मिळणे कठीण झाले होते. बस सोमवारी, १० फेब्रुवारीला निघायची होती. रविवारी संध्याकाळपर्यंत गावाकडची सारी मंडळी बहिणीच्या घरी येऊन पोहोचली; दोन खोल्यांत अकरा माणसे निजली. राहिल्या त्या तिघी. त्यांच्या घरी रविवारी एक लग्न होते. ते आटोपून त्या पुण्याला आल्या आणि रात्रीच्या एका खाजगी आरामबसने निघाल्या. “पहाटे साडेचारला हैदराबाद,” असे तिकीट देणाऱ्याने त्यांना सांगितले होते. हैदराबादेत कोठे, हे त्याने सांगितले नाही, आणि त्यांनाही विचारण्याचे सुचले नाही. गावात एस्टी थांबते ती एकाच ठिकाणी.

तिघींत वडील होत्या त्या सत्तरीच्या. सारे गाव त्यांना मावशी म्हणते. त्यांचा मधला मुलगा दोन वर्षांपूर्वी मरणाच्या दारातून परत आला होता, आणि त्या आजारपणात त्यांनी गुणदळ्याच्या माउलीला नवस बोलला होता. आदल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला म्हणून येणे झाले नव्हते. या वर्षी त्यांनी कोंबड्या विकून वर्गणी भरली. हे मी सांगतो ते एवढ्यासाठीच की बस चुकली तर त्यांना पुढच्या वर्षी या असे सांगणे कोणालाही शोभले नसते.

पहाटे पाचला आम्ही सर्वजण फीवर हॉस्पिटलच्या पलीकडे, रुग्णवाहिकांना अडथळा होणार नाही अशा जागी, बसजवळ उभे होतो. तिघींचा पत्ता नव्हता. सव्वापाचला बहिणीच्या घरी फोन आला. आरामबसने त्यांना मियापूरला उतरवून दिले होते. “हैदराबाद आले, उतरा,” असे सांगून क्लीनरने त्यांच्या पिशव्या खाली ठेवल्या आणि गाडी पुढे निघून गेली. पुण्याकडून येणाऱ्या बसगाड्या शहरात शिरतात त्या पश्चिमेच्या बाजूने. मियापूर, कुकटपल्ली, अमीरपेट, लकडी का पूल असे करीत त्या माणसे उतरवीत जातात. अर्थात मियापूर हेही हैदराबादच. तो सांगणारा खोटे बोलला असे म्हणता येणार नाही. परंतु तेथून नल्लकुंटा म्हणजे शहराचे एक टोक सोडून पार मध्यापलीकडे येणे. एका चहाच्या गाडीवाल्याने त्यांना बाकावर बसविले होते, आणि त्याच्याच मदतीने मावशींच्या छोट्या फोनवरून तो फोन लागला होता.

आता काय करावे? बस ठरविणारे गृहस्थ सज्जन होते, परंतु नियमाचे पक्के. एक्केचाळीस माणसे वेळेवर आली, त्यांनी तिघांसाठी का ताटकळावे, असे त्यांचे म्हणणे पडले. आणि खरे सांगायचे तर त्यात अन्याय काही नव्हता. त्या एक्केचाळीसांतही म्हातारी माणसे होती, दोन तान्ही मुले होती. दुपारी विजयवाड्यात गाडी लावण्यास जागा मिळत नाही, हे ड्रायव्हरचे म्हणणेही खरे होते. कोणी म्हणाले, त्यांनी रिक्षाने यावे. कोणी म्हणाले, त्यांनी एस्टीने परस्पर विजयवाड्याला यावे. काळोख्या पहाटे, परक्या शहरात, तीन बायकांनी कोणत्या रिक्षात बसावे आणि कोणत्या पाटीची एस्टी ओळखावी, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. पाच-दहा मिनिटे अशीच वादावादीत गेली. एक बाई तर स्पष्टच म्हणाल्या, की उशिरा येणाऱ्यांचे लाड केले तर पुढच्या वर्षी वेळेवर कोण येईल? हा प्रश्नही काही वाईट नव्हता.

माझी भाची तेथे उभी होती. ती कॉलेजला रोज मेट्रोने जाते. ती म्हणाली, “मामा, मियापूरला मेट्रोचं पहिलं स्टेशन आहे आणि एल. बी. नगरला शेवटचं. लाल गाडी. मध्ये बदलायचं नाही. त्यांना म्हणावं, मेट्रोत बसा आणि उतरूच नका. सगळी माणसं उतरली की तुम्हीही उतरा.”

एवढी साधी गोष्ट आम्हा थोरांपैकी एकाला सुचली नव्हती. आमची बस दिलसुखनगरवरून एल. बी. नगरलाच जाणार होती, कारण विजयवाड्याचा रस्ता तेथूनच बाहेर पडतो. मियापूर ते एल. बी. नगर हा लाल मार्ग एकोणतीस किलोमीटरांचा. त्यावर सत्तावीस स्थानके. वेळ साधारण तासाभराचा. वाचता येवो न येवो, शेवटच्या स्थानकात चुकण्यासारखे काही नाही. ड्रायव्हर मुसलमान होता, वयस्क माणूस. त्याने घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाला की नाश्त्याला पुढे कोठेतरी थांबायचेच आहे, ते एल. बी. नगरला थांबू. त्या एका वाक्याने वाद मिटला. नियमही मोडला नाही. बस नल्लकुंट्याला कोणासाठी थांबली नाही, ती एल. बी. नगरला इडलीसाठी थांबली.

भाचीने फोनवरून चहावाल्याला सारे समजावून सांगितले, मग मावशींना सांगितले, आणि मग त्यांच्याकडून ते परत म्हणवून घेतले. हे शेवटचे तिने केले ते फार बरे केले. शाळेत चाळीस वर्षे घालवून मला ठाऊक आहे की “समजलं का?” या प्रश्नाला सगळीच मुले “हो” म्हणतात.

सहाच्या सुमारास आम्ही एल. बी. नगरला पोहोचलो. नाश्ता झाला. उरलेला वेळ कोणीतरी जपमाळ सुरू केली. एक दशक तेलुगूत, एक मराठीत. सोमवार होता, म्हणून आनंदाची रहस्ये होती. पाचव्या रहस्याशी आलो तेव्हा मला वाटते बसमधील पुष्कळांच्या मनात एकच गोष्ट आली असावी, कारण आवाज थोडे हलके झाले. बाळ येशू हरवला तो अरण्यात नव्हे, तर सामुदायिक यात्रेत. यरुशलेमेहून परतणाऱ्या तांड्यात तो कोणा नातलगाबरोबर असेल असे समजून मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले. प्रत्येकाला वाटले, दुसऱ्या कोणाजवळ असेल. लूकच्या शुभवर्तमानातील हा भाग मी मुलांना कितीदा शिकविला असेल, परंतु ही चूक निष्काळजी माणसांची नव्हे, भल्या माणसांच्या समुदायाची आहे, हे मला त्या बसमध्ये बसल्यावर उमगले. आमच्याकडेही तसेच झाले होते. बस ठरविणाऱ्यांना वाटले, गावाकडच्यांना त्यांच्या नातलगांनी सांगितले असेल. नातलगांना वाटले, पत्रकात सारे छापले आहे. पत्रक छापणाऱ्याला वाटले, नल्लकुंटा कोणाला ठाऊक नाही?

सातला पाच-सात मिनिटे कमी असताना तिघी स्थानकाच्या जिन्यावरून खाली येताना दिसल्या. मावशी मधोमध, दोन्ही बाजूंना दोघी, आणि पिशव्या एका अनोळखी तरुणाच्या हातात. तो त्यांच्याच डब्यात होता म्हणे. पिशव्या बसपाशी ठेवून आपल्या कामावर निघून गेला. मावशींच्या चेहऱ्यावर घाबरल्याची खूण नव्हती. त्या म्हणाल्या, “गुरुजी, गाडी लई चांगली होती. पण तो सरकता जिना नको बाबा. मी म्हनलं, मी साध्या जिन्यानंच येते, मग वेळ लागू द्या किती लागायचा तो.” गुडघ्यांची तक्रार करणाऱ्या त्या बाईने मियापूरचा जिना चढला होता आणि एल. बी. नगरचा उतरला होता. ज्या बाई लाड करण्याविरुद्ध बोलल्या होत्या, त्यांनी उठून आपली खिडकीची जागा त्यांना दिली. त्याबद्दल कोणी काही बोलले नाही. बस निघाली आणि चौटुप्पल, सूर्यापेट, कोदाड मागे टाकीत दुपारी एकच्या सुमारास आम्ही कृष्णेकाठी पोहोचलो. टेकडीच्या पायऱ्या मावशींनी बसत-उठत चढल्या. त्यांच्या मेणबत्तीचा खर्च चहावाल्याच्या नावे आणखी एका मेणबत्तीने वाढला होता.

गावी परत आल्यावर मी एक चिठ्ठी तयार केली. आता यात्रेच्या पत्रकाबरोबर ती प्रत्येकाला देतो. तिच्यात भक्तिपर असे एकही वाक्य नाही, म्हणून आमच्या एका मित्राने नाकही मुरडले. तिच्यात आहे ते असे, की आदल्या दिवशी संध्याकाळच्या आत पोहोचावे. रात्रीची गाडी सकाळी किंवा दुपारी हैदराबादेत आणून सोडते. मग अर्धा दिवस हाताशी राहतो आणि त्याचे सोनेही करता येते. सिकंदराबादेला उतरलेल्यांना स्टेशनाजवळच सेंट मेरीचे महामंदिर आहे. १८५० साली पूर्ण झालेले हे देवमंदिर शहरातील सर्वांत जुने कॅथलिक मंदिर मानले जाते, आणि २००८ साली त्याला बॅसिलिकाचा मान मिळाला. नामपल्लीला उतरलेल्यांना गनफाउंड्रीचे सेंट जोसेफ कॅथेड्रल जवळ पडते. बसने येणाऱ्यांनी तिकीट काढतानाच विचारावे की गाडी शहरात कोठे कोठे थांबेल, आणि त्या थांब्याचे नाव कागदावर लिहून घ्यावे. कोणी मियापूर किंवा अमीरपेटला उतरलाच, तर तेथून लाल मेट्रो आहे.

चिठ्ठीच्या दुसऱ्या अंगाला पैशांची गोष्ट आहे, कारण तेथे आपल्या बायकांची फसगत होते. १७ मार्च २०२३ पासून आपल्या एस्टीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर प्रवास फुकट आहे. परंतु या सवलती आपल्या एस्टीच्या आहेत. तेलंगणाच्या बसमध्ये त्या चालत नाहीत. तेथेही ९ डिसेंबर २०२३ पासून साध्या व एक्स्प्रेस बसमध्ये स्त्रियांना मोफत प्रवास आहे, पण तो त्या राज्यातील रहिवाशांना. ओळखपत्रावरचा पत्ता तेथला असावा लागतो. कंडक्टरशी वाद घालण्यात अर्थ नाही. सुटे पैसे जवळ ठेवावेत.

आणि आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही पत्रकात कधी छापली जात नाही. पहाटे साडेचारला बसपाशी येणाऱ्या बायकांनी तोंड कोठे धुवावे, शौचाला कोठे जावे? पुरुषमंडळी ठरविणारी असली म्हणजे हा प्रश्न ठरावात येत नाही. बायका मग आदल्या दिवसापासून पाणी पिणे सोडतात आणि अर्ध्या वाटेत चक्कर येऊन पडतात. भक्तीने उपास केला असे आपण समजतो. बहिणीने या वेळी शेजारच्या दोन घरांशी बोलून ठेवले आहे. एक घर तेलुगू ब्राह्मणांचे आहे, आणि त्या घरच्या आजींनी “कॉफीही देऊ” असे आपण होऊन सांगितले. त्या तीन घरांची खूण चिठ्ठीत दिली आहे. बस दोन ठिकाणी थांबेल, नल्लकुंट्याला पाच वाजता आणि एल. बी. नगर मेट्रो स्थानकाखाली सहा वाजता, हेही आता ठरविणाऱ्या गृहस्थांनी स्वतःच पत्रकात घातले आहे. “बस कोणासाठीही थांबणार नाही” हे वाक्य तेथे अजून आहेच, आणि ते असावेही.

परतीविषयी मात्र अद्याप नीट व्यवस्था झालेली नाही. ११ तारखेची मिस्सा आटोपून निघालेली बस नल्लकुंट्याला पोहोचते तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. ज्यांची गाडी सकाळची, त्यांनी काचीगुड्याच्या प्रतीक्षालयात जाऊन बसावे, तिकीट जवळ असावे; बाकीच्यांनी बहिणीच्या घरी यावे, सतरंज्या आहेत. फेब्रुवारीत हैदराबादची दुपार तापू लागलेली असते आणि पहाटे मात्र गारठा असतो. शाल पिशवीच्या तळाशी न ठेवता वर ठेवावी.